टेपचं दुमडलेलं टोक

"चेहरा जुळत नाही," असं पाटीवर तिसऱ्यांदा उमटलं.

अमीन आत्तारांनी आधी हेल्मेट काढलं होतं, मग चष्मा काढला होता. आता काढण्यासारखी फक्त दाढी उरली होती. वारज्याच्या पुढे, सोजर डेअरीच्या फाटकात, सकाळी साडेसहाला ते हातातल्या पिवळ्या डबड्यासमोर तोंड कधी डावीकडे, कधी उजवीकडे करून उभे होते. दूध घालायला आलेला एक गवळी किटल्यांसकट मोटारसायकल थांबवून मजा बघत होता.

"सेल्फी काढताय का, चाचा?"

"नाही," अमीनभाई म्हणाले. "मी मीच आहे का, ते विचारतोय. अजून उत्तर आलं नाही."

चौथ्या वेळी पाटीला ते पटलं. पटल्याबरोबर तिने कळवलं की आपण कामाच्या जागेपासून चारशे मीटर लांब आहात, कृपया जागेवर जा. अमीनभाईंनी समोर पाहिलं. डेअरीचं फाटक त्यांच्या नाकापासून हातभर होतं. त्यांनी पाटी काखेत मारली, स्कूटर आत घेतली आणि मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

पाटी हे नाव त्यांचं. शनिवार पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात बाकी सगळे तिला हँडहेल्ड म्हणत. जाडजूड, पिवळ्या रबराचं कवच असलेला, हातात मावेल असा संगणक. कारखान्यातलं यंत्र बंद पडलं, की तिथल्या कंट्रोल पॅनेलला हा जोडायचा. कुठली मोटर चालू, कुठला सेन्सर काय सांगतोय, सगळं पडद्यावर दिसतं. ठीक असेल ते हिरवं, बिघडलं असेल ते लाल. पाटी तेच चित्र, पॅनेलमध्ये साठलेल्या आधीच्या नोंदींसकट, ऑफिसातही पाठवते. अमीनभाईंचं म्हणणं असं, की शाळेतल्या पाटीत आणि हिच्यात फरक एवढाच, की शाळेतली पाटी निदान थुंकी लावून पुसता यायची.

त्यांच्या या बोलण्याला ऑफिसात कुणी हसत नसे. वर्षभर हसून झालं होतं.

अमीनभाईंचं वय सत्तावन्न. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडले ते थेट दिगंबर साहेबांच्या कंपनीत लागले आणि तिथेच राहिले. कंपनीचं काम कंट्रोल पॅनेल बनवायचं आणि बनवलेली सांभाळायची. छत्तीस वर्षांत अमीनभाईंनी बिस्किटांपासून बोल्टपर्यंत सगळ्या प्रकारच्या कारखान्यांची पॅनेलं उघडली होती. पॅनेलच्या दाराला कान लावून आतला कुठला रिले कुरकुरतोय हे सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. आता रिलेच राहिले नव्हते. कुरकुरायला फक्त अमीनभाई उरले होते, असं दिगंबर साहेब म्हणत.

त्यांची आणखी एक खूण होती. त्यांचे वडील बुधवार पेठेत पुस्तकं बांधायचं काम करत. काहीही चिकटवताना एक कोपरा मोकळा ठेव, ते म्हणत, उद्या कुणाला तरी ते उकलायचं असतं. अमीनभाई पुस्तकं बांधत नव्हते, पण वायरीला काळी टेप गुंडाळली, की तिचं शेवटचं टोक बोटभर दुमडून ठेवत. नखाने खरवडायला नको, टोक धरून ओढलं की टेप सुटली. ऑफिसात कुणालाही पॅनेलमध्ये दुमडलेल्या टोकाची टेप दिसली, की तो म्हणायचा, हे अमीनचं काम. आणि पुढे बघायचा नाही. अमीनचं काम म्हणजे बरोबरच असणार.

तर अशा माणसाला सकाळी साडेसहाला स्वतःचा चेहरा सिद्ध करावा लागत होता.

घरून निघताना कमरजहां, त्यांची बायको, म्हणाली होती, "अहो, डबा विसरला तरी चालेल, त्या डबड्याला चार्जर घ्या. काल अर्ध्यात मेलं म्हणून मला ऐकवत होता."

"मेलं असतं तर बरं झालं असतं. झोपलं होतं नुसतं."

"त्याला जेवढी उत्तरं देता, तेवढी मला द्या कधीतरी," असं म्हणून तिने चार्जर डब्याच्या पिशवीत घातला होता.

*

डेअरीचे मालक सर्जेराव तिथल्या ऑफिसच्या पायरीवरच बसले होते. ही सगळी जमीन कधीकाळी त्यांची ज्वारीची. आता दोन्ही बाजूंना बारा मजली इमारती आणि मधोमध आईच्या नावाची ही डेअरी. त्यांच्या मांडीवर कागदांची फाईल होती. शेजारी भिंतीला टेकून संपत उभा होता. संपत पहाटेच्या पाळीचा ऑपरेटर, वय चाळिशीचं. त्याच्या पायाशी एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतून डब्याचं झाकण, चपला आणि भिंतीवरचं एक कॅलेंडर डोकावत होतं. पिशवी पाहून अमीनभाईंना काय चाललंय ते समजलं.

"या अमीनभाई," सर्जेराव म्हणाले. "तिसरी खेप हाय तुमच्या कंपनीची. दोनदा पोरं येऊन गेली. दोन्ही बारी लिहून दिलं, बिघाड नाही. हे बघा कागद. सगळं हिरवं."

"आणि दूध?"

"दूध नासतंय! पहाटं दूध चार डिग्रीला गार होऊन पिशवीत जायला पायजे, ते जातंय अकराला. दुपारपस्तोर गिऱ्हाइकं फाटलेलं दूध घेऊन दारात. परवा एका बाईनं पिशवी माझ्या टेबलावर उघडून दाखवली. आईच्या नावाची डेअरी हाय, अमीनभाई. त्या नावाखाली नासकं दूध जातंय."

"रोज?"

"दोन म्हयन्यात धा-बारा बारी. अन् दर बारीला पहाटंच. पहाटं कोण असतो? हा." सर्जेरावांनी संपतकडे न बघता अंगठा दाखवला. "डुलकी घेतो आन् गार पाण्याचा पंप उशिरा चालू करतो. दुसरं काय कारण ऱ्हातंय सांगा."

"मालक, मी कवाच सांगितलंय," संपत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. बरेच दिवस तेच सांगून सपाट झाला होता. "टाकीतलं पाणी कमी होतं. पंप खडखडतो. मी कानानं ऐकलंय."

"पाणी कमी झालं तर भोंगा वाजतो. वाजला का?"

"न्हाय वाजला."

"पंप आपोआप बंद होतो. झाला का?"

"न्हाय झाला."

"ह्यात काय लिवलंय वाच." सर्जेरावांनी कागदावर बोट आपटलं. "पाण्याची पातळी, चोवीस तास, भरपूर. मशीन खोटं बोलतं, का तू?" मग अमीनभाईंकडे वळून म्हणाले, "आज तुम्ही बघा. तुमचंबी हिरवंच निघालं, तर मी दुसरा माणूस ठरवून ठेवलाय. उद्यापास्नं येतोय."

संपतने पिशवी पायाने थोडी मागे सरकवली.

अमीनभाईंना पाटीचा आला होता त्याहून जास्त राग या फाईलचा आला. दोन पोरं आली, पाटी जोडली, हिरवं बघितलं आणि गेली. टाकीचं झाकण उघडून आत बघायला काय झालं होतं? पण हे बोलून उपयोग नव्हता. ती पोरं आली होती अकराच्या पुढे, ऑफिस उघडल्यावर, आणि बिघाड होत होता पहाटे. म्हणून तर दिगंबर साहेबांनी यावेळी त्यांना धाडलं होतं. "तू तसाही पाचला उठतोस," साहेब म्हणाले होते, "तेवढाच समाजाला उपयोग."

*

पंपाच्या खोलीत शिरताच संपतने मान तिरकी केली. "ऐका."

ऐकायला लागलंच नाही. पंपाच्या पोटात कुणीतरी मूठभर खडे टाकल्यासारखा आवाज येत होता. पाण्याबरोबर हवा ओढणारा पंप असाच बोलतो. अमीनभाई हे छत्तीस वर्षं ओळखत होते. शेजारच्या काट्यावर दुधाचं तापमान नऊ आणि दहाच्या मध्ये लटपटत होतं.

त्यांनी पाटी पॅनेलला जोडली. पाटीने आधी नवीन आवृत्ती उतरवून घेण्याची परवानगी मागितली. नाही म्हटल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा विचारते म्हणाली. मग पॅनेलच्या दारावर आतून लावलेल्या क्यूआर-चौकड्यांच्या स्टिकरचा फोटो मागितला. फोटो हलला. पुन्हा मागितला. शेवटी एकदाचं चित्र उघडलं. पंप, हिरवा. कॉम्प्रेसर, हिरवा. पाण्याची पातळी, हिरवी.

तेवढ्यात फोन वाजला. दीपाली. ऑफिसात बसून सगळ्यांच्या पाट्यांवर काय चाललंय ते ती पाहत असे; आज एवढ्या सकाळी घरूनच पाहत होती. काम 'क्लोज', म्हणजे पुरं झालं म्हणून बंद, करायला तिची मंजुरी लागे. अमीनभाईंच्या मुलीच्या वयाची होती.

"गुड मॉर्निंग, अमीनकाका! मला इथे सगळं ग्रीन दिसतंय. तुम्हाला?"

"मलाही."

"ग्रेट! मग क्लोज करायचं का?"

"दीपाली, पंप ओरडतोय."

"ओके, पण पॅरामीटर्स नॉर्मल आहेत ना?"

"पॅरामीटर्सला कान नाहीत. फोन धरतो, तूच ऐक." त्यांनी फोन पंपाजवळ नेला.

"काका, हे... मिक्सर आहे का?"

"थांब तिथेच. फोन ठेवू नकोस."

गार पाण्याची टाकी माळ्यावर होती. चारी बाजूंनी जाड थर्मोकोल, वर पत्रा आणि झाकणाला आठ बोल्ट. संपतने पाना दिला. गुडघा टेकवताना अमीनभाईंना तो सत्तावन्न वर्षांचा आहे हे आठवलं. पाच बोल्ट निघाले, सहावा गंजला होता, सातव्याला संपतने शिवी दिल्यावर तो फिरला. झाकण सरकवून अमीनभाईंनी आत टॉर्च मारली.

पाणी तळाला होतं. पंपाकडे जाणारं पाइपाचं तोंड अर्धं उघडं पडलं होतं आणि पाणी त्यात गुळगुळ करत ओढलं जात होतं.

"बघा," संपत म्हणाला. बस, एवढंच.

"कुठे जातं पाणी?"

ते खाली उतरले. शोधायला दोन मिनिटं पुरली. पंपाच्या सीलमधून पाण्याची बारीक धार लागली होती आणि खालच्या गटारीत नाहीशी होत होती. डेअरीची फरशी कायमच ओली, कोण बघणार? कधी नुसते थेंब, कधी अशी धार; धार लागली, की रात्रभर पाणी गळायचं. नळाला पाणी यायचं नऊला. धरण हाकेच्या अंतरावर असून नऊलाच. नऊला टाकी आपोआप भरायची आणि अकराला ऑफिसची पोरं येऊन भरलेली टाकी पाटीत बघून जायची.

हे सगळं जुळलं. एक सोडून. अमीनभाईंनी पाटीकडे पाहिलं. टाकी रिकामी होती आणि पाण्याची पातळी हिरवी होती.

"दीपाली, आहेस का? इथे टाकीत पाणी नाही आणि पाटी म्हणते भरपूर आहे. आता बोल. या डबड्यावर विश्वास ठेवून इथे एका माणसाची नोकरी चालली आहे."

"एक मिनिट हं काका, मी हिस्ट्री काढते." कळफलकाचा आवाज. "काका, फनी आहे. आपण हँडहेल्ड सुरू केले तेव्हापासूनचा डेटा आहे माझ्याकडे. अठरा महिने. ही लेव्हलची इनपुट अठरा महिन्यांत एकदाही बदललेली नाही. एकदाही रेड झालेली नाही."

"म्हणजे अठरा महिने पाणी कमीच झालं नसेल."

"असं कसं होईल?" हे संपत म्हणाला. तो फोनच्या जवळ सरकला होता. "ताई, मी दर अमावास्येला टाकी पुरी रिकामी करतो. आत उतरून घासतो. त्या दिवशी तरी लाल व्हायला पायजे का नको?"

"व्हायलाच पाहिजे," दीपाली म्हणाली. "काका, मग एक तर टाकीत तरंगून पातळी सांगणारा फ्लोट जाम आहे, नाहीतर... कुणीतरी त्याला बायपास केलंय."

अठरा महिन्यांत पहिल्यांदाच पाटीने अमीनभाईंना काहीतरी विचार करण्यासारखं सांगितलं होतं आणि तेही त्यांना आवडलं नव्हतं.

"फोन ठेवतो," ते म्हणाले. "संपत, तू पंप बंद कर आणि मालकांना बोलाव."

*

पॅनेलपाशी ते एकटेच होते. पॅनेलची वीज बंद करून त्यांनी टॉर्च दातात धरली आणि फ्लोटच्या वायरी कुठे येतात ते शोधू लागले. सतरा आणि अठरा नंबर. वरच्या वायरींचा जुडगा बाजूला सारला.

सतरा आणि अठराच्या मध्ये एक छोटी वायर होती. वीतभरही नाही. ती असली, की टाकी भरलेली असो वा कोरडी, पॅनेलला वाटायचं पाणी आहे. तिच्या जोडावर काळी टेप होती आणि टेपचं टोक बोटभर दुमडलेलं होतं.

टॉर्च दातातून सुटली.

मागच्या नव्हे, त्याच्या आदल्या कोजागिरीची गोष्ट. त्या दिवशी पुण्यात दुधाला जेवढी मागणी असते तेवढी वर्षात कधी नसते आणि त्याच दिवशी इथला फ्लोट मेला होता. भरलेल्या टाकीत भोंगा बोंबलत होता, पंप चालू राहत नव्हता, बाहेर टेम्पो उभे. नवा फ्लोट बाजारात मिळेना. अमीनभाईंनी ही वायर टाकली. दोन दिवसांपुरती. तेव्हा सर्जेरावांनी त्यांना आटीव दुधाचा पेला आणून दिला होता, वर चारोळी होती, हेसुद्धा त्यांना आता आठवलं. त्यांनी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं, नेहमी लिहीत तसं: काय केलं, कधी काढायचं. आणि खिशातल्या काळ्या वहीत लिहिलं.

नवा फ्लोट आठवड्याने आला. दुसऱ्याच कुणीतरी येऊन तो टाकीत बसवला. पॅनेलमध्ये दुमडलेलं टोक पाहिलं असणार आणि पुढे बघितलं नसणार. अमीनचं काम.

मग महिनाभराने पाट्या आल्या. दिगंबर साहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, आपापल्या वहीतली राहिलेली कामं पाटीत भरा, यापुढे वही बंद. सगळ्यांनी भरली. अमीनभाईंनी नाही भरली. छत्तीस वर्षं वहीत लिहिलं ते वाचता येत असेल त्याने वाचावं, असं ते म्हणाले होते. मोठ्याने नाही, मनात. वही त्यांनी कपाटात टाकली आणि रागाने जी टाकली ती पुन्हा उघडली नाही. आणि राग निवायच्या आधीच ते सतरा-अठरा विसरून गेले.

आणि दारावरचं लिखाण? त्यांनी दार ओढून आतली बाजू पाहिली. ज्या जागी त्यांनी लिहिलं होतं, तिथे पाटीसाठीचा चौकड्यांचा स्टिकर नीट चारी कोपरे दाबून चिकटवलेला होता.

त्यांना त्या स्टिकरचा राग यावासा वाटत होता. येईना.

बाहेर सर्जेरावांच्या चपला वाजल्या. अमीनभाईंनी दुमडलेलं टोक धरलं आणि ओढलं. टेप एका झटक्यात सुटली, जशी सुटायला हवी होती तशीच. वायरही निघाली. दोन्ही त्यांच्या मुठीत आलं. मूठ मिटली होती. बघणारं कुणी नव्हतं. पॅनेल चालू केलं, तर आता पाटीवर पातळी लाल दिसणार होती, भोंगा वाजणार होता, सील बदलायचं, झालं. पंपाचं सील गळत होतं, हे तर खरंच होतं.

"काय झालं?" सर्जेराव आत आले. मागे संपत.

"पंपाचं सील गळतंय. रात्रभर पाणी जातं."

सर्जेरावांनी वाकून धार पाहिली. मग सरळ झाले आणि संपतकडे बघितलं. "हे दिसलं न्हाय तुला? रोज इथं असतोस. पंपाची निगा कुणी ठेवायची, मी?"

"मालक, मी सांगत हुतो—"

"तू पाणी सांगत हुतास. गळती सांगितलीस का? म्हंजे डुलकी नसंल, पर डोळे बंदच हुते. जा, पिशवी घे."

संपतने अमीनभाईंकडे पाहिलं. मदत मागणारं बघणं नव्हतं ते. तो फक्त बघत होता, या माणसानेही हिरवंच लिहायचं ठरवलंय का, ते.

"सर्जेराव," अमीनभाई म्हणाले, "थांबा." आणि त्यांनी मूठ उघडून पुढे केली. "सील कुठल्याही पंपाचं गळतं. त्यासाठी भोंगा असतो. पाणी कमी झाल्याबरोबर पहिल्याच दिवशी भोंगा वाजला असता, तर पहिल्याच दिवशी गळती सापडली असती. भोंगा वाजला नाही, कारण ही वायर. ही मी लावली. कोजागिरीला. दोन दिवसांसाठी."

सर्जेरावांनी वायर हातात घेतली. उलटसुलट केली. "येवढी?"

"एवढीच."

"म्हंजे दोन म्हयने माझं दूध नासतंय ते तुमच्या ह्या येवढ्याशा वायरीनं? आन् मी ह्याला शिव्या घालतोय?"

"हो."

"कोजागिरीला लावली म्हणता. पुरावा काय? का ह्याला वाचवायला आपल्या अंगावर घेताय?"

यावर अमीनभाईंना खरोखर चीड आली. माणूस खरं बोलतो तेव्हाही पुरावा, खोटं बोलतो तेव्हाही पुरावा. ते दाराकडे वळले आणि स्टिकरचा कोपरा नखाने खरवडू लागले. चारी कोपरे पक्के. लावणाऱ्याने उकलणाऱ्याचा काडीइतका विचार केला नव्हता. स्टिकर तुकड्यातुकड्यांनी निघत राहिला, नखात कागद गेला, संपतने शेवटी खिशातून ब्लेड काढून दिलं. पाच मिनिटांनी खालची निळी अक्षरं दिसू लागली, अर्धी डिंकात बुडालेली: सतरा-अठरा तात्पुरतं जोडलं. फ्लोट आल्यावर काढणे. कोजागिरी. अमीन.

सर्जेरावांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन त्यांनी दिगंबर साहेबांना फोन लावला. बोलणं पाच मिनिटं चाललं आणि खोलीत फक्त सर्जेरावांचा वाढता आवाज येत होता. मग त्यांनी आत येऊन फोन अमीनभाईंच्या हातात दिला.

"साहेब," अमीनभाई म्हणाले.

"ऐकलं सगळं," दिगंबर साहेब म्हणाले. "नवं सील घेऊन माणूस निघालाय. तू काम नीट पुरं कर."

"हो."

"आणि अमीन, दीड वर्ष झालं. रुसवा संपला असेल, तर ती काळी वही घेऊन उद्या ऑफिसात ये. अशी अजून किती आहेत त्यात?"

"पाहायला लागेल, साहेब."

"पाहा. मग एकेक पॅनेल उघडून ये. पाटी घेऊन."

फोन बंद झाला. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अमीनभाईंना वाटलं.

*

सील बदलून होईपर्यंत पावणेनऊ झाले. आता काम बंद करायचं होतं. पाटीने स्टिकरचा फोटो मागितला. स्टिकर जमिनीवर सोळा तुकड्यांत पडला होता. अमीनभाईंनी दीपालीला फोन लावला, तिने तिकडून काहीतरी दाबलं आणि ती पायरी ओलांडली गेली.

मग पाटीने कारण विचारलं. कारणांची यादी होती. पहिलं, ऑपरेटरची चूक. दुसरं, सेन्सर बिघाड. तिसरं, वीजपुरवठा. त्यांनी यादी खालपर्यंत सरकवली, मग पुन्हा वर. तंत्रज्ञाची चूक असं कुठेच नव्हतं. ज्याने यादी केली, त्याला तशी शक्यताच सुचली नव्हती.

"काका, पहिलं टाका ना," दीपाली म्हणाली. "सगळे तेच टाकतात. क्लायंट साइडला जातं, आपल्यावर येत नाही."

"म्हणूनच नको."

"मग लास्टला 'इतर' आहे. पण त्यात टाइप करावं लागतं."

"करतो."

ते पॅनेलसमोरच्या स्टुलावर बसले आणि एका बोटाने लिहायला लागले. पाटी मध्येच शब्द सुचवत होती. त्यांनी 'तात्पुरता' लिहायला घेतलं, की ती 'तात्या' म्हणायची. सर्जेराव दारात उभे होते, संपत पंपाशी. दहा मिनिटांनी वाक्य झालं: मी लावलेला तात्पुरता जोड काढायचा राहिला.

त्यांनी बटण दाबलं. पाटी म्हणाली, वर्णन अपुरं आहे. किमान पन्नास अक्षरं हवीत. आणखी दहा अक्षरं लिहा.

"हिच्या आईला..." अमीनभाई म्हणाले. चूक कबूल करायची, तर तीही मापात.

त्यांनी चष्मा पुसला, संपतकडे पाहिलं आणि पुन्हा बोट चालवायला लागले.

"काय लिवलंय?" संपतने विचारलं. आभार वगैरे काही त्याच्या आवाजात नव्हते. "मालकांना वाचून दाखवा. ते कागदावरचंच खरं मानतात."

अमीनभाईंनी पाटी जरा लांब धरली आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "मी लावलेला तात्पुरता जोड काढायचा राहिला. संपत खरं बोलत होता."

त्यांनी बटण दाबलं. पाटीने ते घेतलं. काम पूर्ण, असं हिरव्या अक्षरांत आलं.

सर्जेरावांनी बाहेर ऑफिसपाशी राहिलेली संपतची पिशवी आणली, आतलं कॅलेंडर बाहेर काढलं आणि पंपाच्या खोलीतल्या खिळ्याला परत अडकवलं. ते तिरपं लागलं. सरळ करायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"ठीक हाय," ते म्हणाले. "संपत, पंप चालू कर."

"टाकीत पाणी कुठंय, मालक?" संपत म्हणाला. "नऊ वाजू द्या की."